फळे-भाज्यांविषयीचे गैरसमज आणि सकाळच्या रसाच्या टपऱ्या

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

होळी झाली की रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागतात आणि त्याच सुमारास सुईने लाल रंग टोचलेल्या कलिंगडाची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागते. गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला मेणाचे सफरचंद, स्टिकरवरच्या आकड्यावरून ओळखायचे ‘जनुकीय’, म्हणजे जनुकांत बदल केलेले, फळ, मेंदूत शिरणारा कोबीतला किडा आणि मांसाहारी अंजीर अशी बरीच मंडळी येऊन बसली आहेत. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही यांतला काही मजकूर ‘तज्ज्ञांच्या मते’ एवढ्याच मोघम आधारावर छापला जातो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फळप्रक्रिया हा विषय मी बरीच वर्षे शिकवला असल्याने या समजुतींचा मला रागापेक्षा कुतूहलच अधिक वाटते. परंतु त्यांच्यापायी आपण ज्या गोष्टींना घाबरण्याचे कारण नाही त्यांना घाबरतो आणि जिला खरोखर घाबरावे अशी एक गोष्ट मात्र सकाळी उठून पेला भरून पितो, हे मला गंभीर वाटते. त्या पेल्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी कलिंगड. त्याचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा असतो आणि टोमॅटोलाही तोच रंग देतो. कलिंगडाचा गर म्हणजे पाण्याने भरलेल्या पेशींचा घट्ट समूह असल्याने सुईने आत सोडलेला रंग त्या जागी डाग पाडून राहतो, फळभर एकसारखा पसरत नाही. शिवाय सालीला छिद्र पडले की आत जंतू शिरतात आणि उन्हाळ्याच्या दिवसांत ते फळ लवकरच आंबून फुटते. गाडीभर कलिंगडांना एकेक करून सुई टोचणारा आणि नंतर ती सडताना पाहणारा व्यापारी धंद्यात फार काळ टिकणार नाही, हा साधा हिशेबही या चित्रफिती पाहताना कोणाला सुचत नाही. फोडीवर कापूस फिरवून तो लालसर झाला की भेसळ सिद्ध झाली असे मानणारेही भेटतात. पिकलेल्या फळाचा रस कापसाला लागल्यावर त्याचा रंग उमटणारच. सालीवरचा पिवळट डाग पाहून काही जण फळ परत ठेवतात, पण कलिंगड शेतात जमिनीला टेकलेले असते तिथे तो डाग पडतो आणि तो गडद पिवळा असणे हे फळ वेलावर नीट तयार झाल्याचे लक्षण आहे. काळजी करायचीच असेल तर हातगाडीवर कापून उघड्यावर ठेवलेल्या फोडींची, त्यांवरच्या माश्यांची आणि खालच्या बर्फाची करावी.

सफरचंदाच्या मेणाबद्दल थोडक्यात. सफरचंद स्वतःच सालीवर मेणाचा थर तयार करते. बागेतून आलेली फळे धुताना तो थर बराचसा निघून जातो, म्हणून काही ठिकाणी फळ सुकू नये यासाठी वरून पातळ मेण देतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी त्यासाठी मधमाश्यांचे मेण, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण आणि लाखेपासून केलेले मेण यांना परवानगी दिली आहे, मात्र तसे लेबलवर लिहावे लागते. सुरीने खरवडून निघालेला पांढरा भुगा म्हणजे मेणबत्ती नव्हे. द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवले की पुसली जाणारी पांढरट झाक हाही बहुतेक वेळा त्या फळाचा स्वतःचाच मेणाचा थर असतो. फवारणीचे डाग त्यापेक्षा वेगळे, ठिपक्यांसारखे आणि ओघळांसारखे दिसतात. दोन्हींसाठी वाहत्या स्वच्छ पाण्याने चोळून धुणे हाच उपाय आहे, भांड्यांच्या साबणाने फळे धुण्याचे जे खूळ करोनाकाळात शिरले ते आता घराबाहेर काढावे.

पिकवण्याच्या प्रश्नावर मात्र जरा थांबायला हवे, कारण तिथे खरा धोका आणि खोटी भीती एकमेकींत पार मिसळून गेल्या आहेत. ‘औषध लावून पिकवलेला आंबा’ या एका वाक्प्रयोगात आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी कोंबतो. आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात, कारण पिकण्याचा इशारा देणारा इथिलीन नावाचा वायू ती स्वतःच तयार करतात. घरोघरी पेंढ्यात घातलेली आढी किंवा तांदळाच्या डब्यात ठेवलेले आंबे यांत घडते ते एवढेच की फळांनी सोडलेला हा वायू तिथेच कोंडला जातो. रायपनिंग चेंबरमध्ये हेच काम तापमान सांभाळून आणि वायूचे प्रमाण मोजून केले जाते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये यासाठी दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास मान्यता दिली. कॅल्शियम कार्बाईडची गोष्ट वेगळी आहे. त्याला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. पण बाजारातल्या कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात, ते हाताळणाऱ्या हमालालाही अपायकारक असते आणि त्याने साल पिवळी होऊन आतला गर कच्चाच राहतो. म्हणूनच २०११ च्या नियमांनी फळे पिकवण्यासाठी कार्बाईड वापरण्यास स्पष्ट बंदी घातली आहे.

आता मार्केट यार्डात किंवा मंडईत काय होते ते पाहावे. गिऱ्हाईक म्हणते, ‘औषधाचा नको, नैसर्गिक द्या,’ आणि विक्रेता म्हणतो, ‘नैसर्गिकच आहे.’ दोघांचेही समाधान होते आणि कोणालाच काही कळलेले नसते. खरा प्रश्न ‘कशाने पिकवला, चेंबरमध्ये की कार्बाईडच्या पुडीने?’ असा हवा. चेंबरमधून आलेली, एकसारखी पिवळी दिसणारी केळी लोक संशयाने नाकारतात, तर पुडी घालून पिकवलेला आंबा पेटीत वर गवत दिसते म्हणून विश्वासाने घेतात. कार्बाईडने पिकवलेल्या द्राक्षांबद्दल आणि डाळिंबांबद्दलही मी ऐकले आहे. ही फळे वेलावरून किंवा झाडावरून उतरल्यावर पिकतच नाहीत, त्यामुळे त्यांना कार्बाईड लावून कोणाचाही काही फायदा नाही. हापूस कापल्यावर आत कधी कधी पांढरट, स्पंजासारखा बेचव भाग निघतो आणि लगेच कार्बाईडच्या नावाने बोटे मोडली जातात. कोकणातले बागायतदार त्याला साका म्हणतात. तो हापूसचा जुना शारीरिक दोष असून बाहेरून ओळखू येत नाही, आणि तो टाळण्यासाठीच्या प्रयत्नांतून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साकारहित जात दिली. पुणेकर हापूससाठी जेवढा वाद घालतात त्याच्या दशांश चौकशीही त्यांनी रत्नाची केलेली मला दिसली नाही.

स्टिकरवरच्या आकड्यांचे प्रकरण परदेशी दुकानांतून आपल्याकडे आले. तिथे गल्ल्यावर फळ ओळखता यावे म्हणून चार आकडी क्रमांक वापरतात, उदाहरणार्थ पिवळ्या केळ्याचा ४०११; सेंद्रिय फळासाठी त्यापुढे ९ लावतात. ८ हा आकडा जनुकीय फळांसाठी राखून ठेवला होता, पण दुकानांतून तो प्रत्यक्षात वापरात आलाच नाही. मुळात आपल्या देशात व्यापारी लागवडीत असलेले जनुकीय पीक म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली ती आजतागायत कायम आहे, आणि २०२१ पासून सफरचंद, पपई, टोमॅटो यांच्यासह २४ पिकांच्या आयातीसाठी ती जनुकीय नसल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. तरीही बिनबियांची द्राक्षे, लांबट टोमॅटो, पिवळे कलिंगड असे जे काही लहानपणी पाहिले नव्हते ते सारे ‘जनुकीय’ ठरते. थॉम्पसन सीडलेससारख्या द्राक्षात बी तयार होऊ लागते आणि कोवळेपणीच तिची वाढ खुंटते. अशा वेलीची वाढ बीपासून न करता काडी किंवा कलम लावून करायची ही रीत जनुकांचे शास्त्र जन्मण्यापूर्वीपासून चालत आली आहे. आपल्या शहराला लागून मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे एक फेरी मारली तर निम्म्या अफवा तिथेच निवाव्यात.

अंजिराबद्दल तर पुण्याने गप्प बसूच नये. अंजिरात मेलेली गांधीलमाशी असते, म्हणून ते शाकाहारी नाही, असा मजकूर चातुर्मासात हटकून येतो. काही जातींत, विशेषतः तुर्कस्तानच्या स्मिर्ना प्रकारात, परागीभवनासाठी एक बारीक गांधीलमाशी फळात शिरते आणि आत मेल्यास फळातले विकर (एन्झाइम) तिला विरघळवून टाकते, हे खरे आहे. परंतु दिवे, सोनोरी आणि आसपासच्या गावांत पिकणारे, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर हे ‘पुणे अंजीर’ जातीचे आहे, आणि या जातीचे फळ परागीभवनाशिवायच धरते. हंगाम खट्टा बहराचा असो वा मीठा बहराचा, तिला त्या माशीची गरजच पडत नाही. किडे खरोखर असतात ते उंबरात, आणि ते आपण फळ म्हणून विकत आणत नाही. सुके तुर्की अंजीर कोणाला वर्ज्य करायचे असेल तर तो ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न आहे, पण त्यासाठी पुरंदरच्या शेतकऱ्याचे ताजे फळ बदनाम होऊ नये.

कोबीतला किडा मेंदूत जातो, या समजुतीत मात्र सत्याचा एक अंश चुकीच्या जागी अडकला आहे. कोबी-फ्लॉवरच्या पानांत दिसणारी हिरवी अळी पतंगाची असते. ती माणसाच्या पोटात गेली तर पचून जाते, दुसरे काही होत नाही. मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा जो आजार सांगितला जातो, तो डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे होतो. ही अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि सांडपाण्यावर वाढवलेली किंवा घाण पाण्यात धुतलेली कोणतीही कच्ची भाजी, दूषित पाणी किंवा जेवण करणाऱ्याचे न धुतलेले हात यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणूनच आयुष्यभर मांसाला न शिवलेल्यांनाही हा आजार होतो. म्हणजे आपण दिसणाऱ्या अळीला भिऊन कोबी वर्ज्य करतो, आणि कोथिंबीर मात्र पाण्याखाली नुसती हलवून पोह्यांवर भुरभुरतो. भाजी नीट शिजली की ती अंडी मरतात. कच्चे खायचे असेल तर पान न् पान सोडवून धुवावे. जाता जाता एवढेही सांगते की, अळी दिसली म्हणजे भाजीवर औषध मारलेले नाही, हेही खरे नाही. अळी दिसल्यावरच बहुतेक शेतकरी पंप खांद्याला लावतात. फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये सांगितलेले दिवस जाऊ दिले की नाही हे अळीवरून ठरत नाही.

रक्तवाढीच्या भाज्या हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवडता विषय असल्याने त्यावर लिहिताना मला जरा संकोच होतो. बीट लाल असते म्हणून ते रक्त वाढवते, हा तर्क रंगावर बेतलेला आहे. बीटच्या लाल रंगाचा लोहाशी संबंध नाही आणि १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते. चिरलेले सफरचंद काळे पडते ते लोहामुळे, असे शाळेतही सांगितले जाते. ते काळे पडते हवेतल्या प्राणवायूमुळे आणि गरातल्या एका विकरामुळे, अगदी चिरलेल्या वांग्यासारखेच, आणि वांग्याच्या फोडी पाण्यात टाकताना आपण लोह वाचवत आहोत असे कोणी म्हणत नाही. पालकात १०० ग्रॅममागे साधारण तीन मिलिग्रॅम लोह असते, पण ते शरीरात फार थोडे शोषले जाते. पालकाच्या भाजीवर लिंबू पिळणे आणि जेवणानंतर लगेच चहा न पिणे या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडेल तेवढा रोजच्या बीटच्या पेल्याने पडणार नाही. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन खरोखर कमी आहे तिने डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या टाळून बीटवर विसंबणे हे नुकसानीचे आहे, आणि असे करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

पावसाळ्यानंतर शहरात डेंग्यू वाढला की किवीचे भाव कसे चढतात ते सर्वांना ठाऊक आहे. किवीने प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा आधार नाही. त्या रुग्णाला पोटभर पातळ पदार्थ, विश्रांती आणि वैद्यकीय देखरेख लागते. प्रश्न केवळ ‘क’ जीवनसत्त्वाचा असेल तर पेरूत ते किवीच्या साधारण दुप्पट असते आणि आवळ्यात त्याहूनही पुष्कळ जास्त. रुग्णाच्या उशाशी पेरू ठेवणे मात्र कोणाला शोभेसे वाटत नाही!

आता रसाकडे येते. साखर न घातलेला फळांचा रस मधुमेह्याला चालतो आणि आंब्याची फोड मात्र चालत नाही, ही समजूत सुशिक्षित घरांतही पक्की आहे. तीन-चार संत्री एका बैठकीत सहसा कोणी खात नाही, पण त्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन होतो आणि तंतू गाळणीत राहतात. जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेची गणना वरून घातलेल्या साखरेबरोबरच करते, अख्ख्या फळातल्या साखरेची करत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रोजच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. मधुमेह्याने आंबा किती खायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, पण रसाला फळाच्या जागी बसवू नये.

तळजाई, पर्वती आणि इतर टेकड्यांच्या पायथ्याशी, बागांच्या दारांशी सकाळी सहापासून जे रस विकले जातात त्यांत कारले, आवळा, बीट यांच्या बरोबरीने दुधीचा रस असतो, आणि या पत्रातला खरा धोका तो आहे. काकडीचे टोक कापून घासतात, फेस आला की कडूपणा गेला असे मानतात. तो फेस काही कडूपणा ओढून काढत नाही. देठाकडच्या भागात कडूपणा जास्त असतो, म्हणून तो भाग कापून टाकल्याचाच काय तो उपयोग होतो. हा कडूपणा कुकुरबिटॅसिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि तीच द्रव्ये एखाद्या दुधीत फार मोठ्या प्रमाणात उतरू शकतात. बाहेरून असा दुधी इतरांसारखाच हिरवा आणि तजेलदार दिसतो. स्वयंपाकात तो सापडला तर घरची बाई तुकडा जिभेला लावून भाजी फेकून देते. टपरीवर मात्र नेमके उलटे घडते, कारण जे कडू ते औषधी, ही समजूत तिथे आडवी येते आणि माणूस तोंड वाकडे करून सगळा पेला संपवतो.

२०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. जून २०१८ मध्ये आपल्या पुण्यातही एका महिलेचा दुधीचा रस प्याल्यानंतर काही दिवसांत मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि महिन्याभरात त्या विसरल्याही गेल्या. समितीचा सल्ला अगदी साधा आहे: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो दुधी पूर्ण टाकून द्यावा, आणि दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये. टपऱ्यांवर सर्वांत जास्त खपतो तो नेमका मिश्र रस. त्यात कारल्याचा कडूपणा दुधीचा कडूपणा झाकून टाकतो आणि पिणाऱ्याला कळायला काही मार्गच उरत नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. महापालिकेने आणि अन्न व औषध प्रशासनाने रस विक्रेत्यांना दुधी गिऱ्हाइकासमोर चाखून मगच यंत्रात घालण्याची आणि त्याचा मिश्र रस न विकण्याची सक्ती करावी; तपासणीला फारसा खर्च येणार नाही, सकाळी टेकडीवर फिरायला येणारे अधिकारीही कमी नाहीत. आणि आपण, संपादक महोदय, उन्हाळ्यात कलिंगडाच्या सुईला जेवढी जागा मिळते तेवढी जागा एकदा या रसाला द्यावी, त्यात ही लक्षणे ठळक छापावीत: कडू रस प्याल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, कधी उलटीतून रक्त आणि रक्तदाब एकदम खाली जाणे. यावर उतारा म्हणून कोणतेही औषध उपलब्ध नाही, केवळ लक्षणांनुसार उपचार करता येतात, त्यामुळे घरी लिंबूपाणी देत बसण्यात वेळ न घालवता रुग्णाला रुग्णालयात न्यावे आणि सकाळी दुधीचा रस घेतला होता हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वाचक, सहकारनगर, पुणे